टोपी आधी उलटी कर

आयात मालाच्या इन्व्हॉइसवर नुसतं 'कॅप' दिसलं म्हणून लगेच ६५०५ हा कस्टम्स टॅरिफचा (आयात शुल्काच्या यादीचा) कोड ठोकू नकोस. पिथमपूरच्या डेपोत माल आला की सॅम्पल मागव, टोपी उलटी कर आणि आतली शिवण बघ. कापड बेतून शिवलेली किंवा विणलेली क्रिकेट कॅप ६५०५ मध्येच जाते. पण गवताच्या वेणीची पट्टी गोल गोल शिवत नेलेली हॅट असेल, तर ती ६५०४ ची. आणि तिलाच अजून आकार नाही, काठ नाही, अस्तर-फीत काहीच नाही, तर तो नुसता कच्चा ढाचा, ६५०२. नवखे इथेच घसरतात. मीही 'स्ट्रॉ हॅट' एवढंच वाचून घसरलो होतो. बिल ऑफ एंट्री (कस्टम्सला द्यायचा आयातीचा कागद) दुरुस्त होईपर्यंत आयातदार पार्टीचे रोज तीन फोन!

हेल्मेट सोपं: ६५०६. जुन्या फायलीत ६५०३ दिसेल, तो २००७ मध्येच रद्द झालाय, उचलू नकोस.

रंगपंचमीच्या गेरसाठी (रंगांच्या मिरवणुकीसाठी) कुणी कागदी, चमकीच्या गमतीच्या टोप्या आणल्या, तर टॅरिफचा ६५ वा अध्याय मिटून ठेव, ९५ वा उघड. बाहुलीची टोपीही तिथेच. वापरलेल्या टोप्यांची गाठोडी मात्र ६३०९ मध्ये.