वाचकांचे प्रश्न : ‘सिद्धराम’ हे नाव

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात बाळीवेस भागात राहते. माझा मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्यात असतात. त्यांना मुलगा झाला असून गुरुजींनी पत्रिकेवरून ‘सी’ हे आद्याक्षर काढून दिले आहे. माझ्या सासऱ्यांचे नाव सिद्रामप्पा होते, म्हणून बाळाचे नाव ‘सिद्धराम’ ठेवावे अशी माझी इच्छा आहे. सुनेला नाव आवडले आहे, परंतु तिच्या माहेरी ते कोणी ऐकलेले नाही आणि ‘रामाचेच नाव ठेवायचे तर सरळ श्रीराम ठेवा’ असे तिचे वडील म्हणतात. या नावाचा नेमका अर्थ काय, ते आले कोठून आणि आज ते कितपत प्रचारात आहे, हे कळवावे.

उत्तर : आपल्या व्याह्यांची शंका अगदी स्वाभाविक आहे. सोलापूर, अक्कलकोट, विजयपूर, कलबुर्गी हा पट्टा सोडला, तर मराठी माणसाच्या कानावर हे नाव क्वचितच पडते आणि नुसती अक्षरे पाहिली, तर त्यात प्रभू रामचंद्रच दिसतात. परंतु या नावाचे दैवत अयोध्येचे नसून आंध्रातील श्रीशैल या शिवक्षेत्राचे आहे.

आधी शब्दांचे पाहू. ‘सिद्ध’ हा संस्कृत ‘सिध्’ या धातूपासून झालेला शब्द असून ज्याचे कार्य पूर्णत्वास गेले, ज्याला साध्य हाती आले, तो सिद्ध. ‘राम’ हा शब्द ‘रम्’ म्हणजे रमणे या धातूपासून आला आहे. तेव्हा ‘सिद्धावस्थेत रमणारा’ असा अर्थ सरळ लागतो. ‘सिद्धाराम’ असे दुसरे अक्षर दीर्घ करून हे नाव लिहिणारी बरीच घरे सोलापुरात आहेत. तेथे ‘सिद्ध’ आणि ‘आराम’ असा संधी सोडवता येतो आणि ‘आत्माराम’ या आपल्या परिचयाच्या नावाशी त्याचे नाते जुळते. व्याकरणाला दोन्ही रूपे मान्य होण्यासारखी आहेत. मात्र आपल्या सासऱ्यांचे नाव ज्यांनी ठेवले असेल, त्यांनी धातू आणि प्रत्यय पाहून ते ठेवले नसणार, हे उघड आहे. त्यांच्या डोळ्यांसमोर होते ते सोलापूरचे ग्रामदैवत.

सिद्धराम हे बाराव्या शतकातील शिवयोगी. त्यांच्या वडिलांचे नाव मुद्दुगौडा आणि आईचे सुग्गलादेवी, तर गावाचे नाव सोन्नलिगे, म्हणजेच आजचे सोलापूर. गुरे राखणाऱ्या या मुलाला श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचा, म्हणजे तेथील शिवाचा, ध्यास लागला आणि त्या मल्लय्याला शोधत तो थेट श्रीशैलापर्यंत गेला, ही कथा आपल्याकडे आजही घरोघरी सांगितली जाते. तेथून परतल्यावर त्यांनी सोन्नलिगेत मंदिर उभारले, तलाव खोदवला आणि गावाभोवती ६८ लिंगांची स्थापना केली. त्यांच्या कन्नड वचनांच्या, म्हणजे छोट्या भक्तिरचनांच्या, शेवटी ‘कपिलसिद्धमल्लिकार्जुन’ ही नाममुद्रा येते, म्हणजे ते हाक मारतात ती शिवाला. तेराव्या शतकातील कन्नड कवी राघवांक याने त्यांच्या चरित्रावर काव्य रचले, यावरून हे नाव किती लवकर दूरवर पोहोचले होते, याची कल्पना यावी.

या नावाच्या प्रसाराचे रहस्य मला त्यांच्या आयुष्यातील आणखी एका प्रसंगात दिसते. परंपरा असे सांगते, की लिंगायत परंपरेतले थोर संत अल्लमप्रभू सोन्नलिगेस आले, तेव्हा सिद्धराम शेकडो माणसांकडून तलावाचे आणि देवळाचे काम करवून घेत होते. अल्लमप्रभूंनी त्यांना ‘दगड फोडणाऱ्यांचा पुढारी’ अशा अर्थाचे टोचून बोलून डिवचले. बाहेर दगडावर दगड रचण्यापेक्षा आत पाहावे, असा त्या बोलण्याचा रोख होता. पुढे सिद्धराम त्यांच्यासोबत बसवण्णांच्या कल्याणला (आजचे कर्नाटकातील बसवकल्याण) गेले, बसवण्णांचे भाचे चन्नबसवण्णा यांच्याकडून त्यांनी दीक्षा घेतली आणि अनुभवमंटप या तेथील धर्मचर्चेच्या सभेच्या शून्यपीठावर, म्हणजे अध्यक्षपदावर, अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा यांच्यानंतर त्यांचा मान आला, असे मानले जाते. गंमत अशी, की ज्या शब्दांनी त्यांना हिणवले गेले, तेच पुढे एका समाजाला अभिमानाचे वाटले. दगडफोडीचे आणि मातीकामाचे कष्ट पिढ्यान्‌पिढ्या उपसणारा वडार समाज, ज्याला कर्नाटकात भोवी म्हणतात, सिद्धरामेश्वरांना आपले गुरू मानतो. म्हणून हे नाव केवळ लिंगायत घरांपुरते राहिलेले नाही. कर्नाटकाचे मुख्यमंत्रिपद भूषवलेले सिद्धरामय्या कुरुब, म्हणजे आपल्याकडील धनगरांशी मिळत्याजुळत्या समाजातले; त्यांच्या म्हैसूर जिल्ह्यातील सिद्धरामनहुंडी या जन्मगावाच्या नावातही हाच सिद्धराम आहे.

आपल्या सासऱ्यांच्या नावातील ‘अप्पा’ आणि सिद्धरामय्यांच्या नावातील ‘अय्या’ ही कन्नडमधील आदराची, वडीलकीची जोड आहे. त्यामुळे सिद्रामप्पा, सिद्धरामय्या आणि सिद्धराम ही एकाच नावाची तीन रूपे समजावीत. ‘सिद्राम’ हा बोलण्यातला घसरलेला उच्चार असला, तरी सोलापूरच्या गल्लीत त्याची जी सलगी आहे, ती शुद्ध उच्चाराला नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता प्रचाराविषयी. आपल्याकडे दरवर्षी जन्मलेल्या मुलांच्या नावांची क्रमवारी सरकार प्रसिद्ध करीत नाही. म्हणून कोणी ‘हे नाव अमुक क्रमांकावर आहे’ असे सांगितले, तर त्यावर विसंबू नये. परंतु या भागात नाव किती रुजले आहे, हे कळण्यास एक ठळक उदाहरण पुरे आहे. अक्कलकोट विधानसभा मतदारसंघात २००९ आणि २०१४ या दोन्ही निवडणुकांत मुख्य लढत सिद्धराम म्हेत्रे आणि सिद्रामप्पा पाटील यांच्यात झाली. एकदा पाटील निवडून आले, एकदा म्हेत्रे. म्हणजे दोन्ही वेळा मतदारांनी सिद्धरामालाच निवडले! मात्र ही सगळी मागच्या पिढीतली नावे आहेत. आजच्या बालवाडीच्या हजेरीत सिद्धांत, सिद्धेश, सिद्धार्थ सापडतील, सिद्धराम विरळा. शहरात गेलेल्या कुटुंबांनी ते मागे ठेवले, याचे कारण नाव जड आहे हे नसून ते ऐकताच गाव कळते हे असावे, असे मला वाटते. एके काळी नोकरीच्या ठिकाणी गाव कळू नये असे अनेकांना वाटत असे. आता तसे वाटण्याचे कारण उरलेले नाही.

पत्रिकेचा प्रश्नही येथे सुटतो. ‘गो, सा, सी, सू’ ही शततारका नक्षत्राच्या चार चरणांची अक्षरे असून रास कुंभ येते. नावात ‘सि’ ऱ्हस्व असला, तरी नामाक्षर पाहताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा धरत नाहीत. आपल्या व्याह्यांना जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याच्या यात्रेला, म्हणजे सोलापूरच्या सिद्धरामांच्या यात्रेला, जरूर बोलवावे. यण्णीमज्जनाच्या दिवशी ६८ लिंगांना तैलाभिषेक करीत निघालेले नंदीध्वज, ते पेलणारे बाराबंदी या पारंपरिक पोशाखातले मानकरी, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ हा गजर एकदा अनुभवला, की नातवाच्या नावातला राम कोणता, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. त्या अक्षता कोणत्या लग्नाच्या, असे ते विचारतील. सिद्धरामांशी विवाह करण्याचा हट्ट धरलेल्या कुंभारकन्येचा विवाह त्या योग्याने आपल्या योगदंडाशी लावून दिला, त्याच्या त्या अक्षता, असे त्यांना सांगावे.

प्रश्न : आमच्या मुलाच्या जन्मदाखल्यावर ‘सिद्राम’, आधार कार्डावर ‘सिद्धाराम’ आणि अंगणवाडीत ‘सिद्धराम’ अशी तीन नावे झाली आहेत. यांतले बरोबर कोणते आणि आता काय करावे? (एक वाचक, अक्कलकोट)

उत्तर : भाषेच्या दृष्टीने तिन्ही चालतील, कागदाच्या दृष्टीने मात्र एकच चालेल, आणि ते जन्मदाखल्यावरचे. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली असून १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्मदाखला हाच मुख्य पुरावा ठरतो. त्यामुळे आपल्याला ‘सिद्धराम’ हे रूप हवे असेल, तर जेथे जन्माची नोंद झाली, त्या ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद कार्यालयातील निबंधकाकडे आधी चौकशी करावी, दाखला दुरुस्त होत असल्यास तो करून घ्यावा आणि मगच आधार कार्ड बदलावे. हा क्रम उलटा केल्यास हेलपाटे वाढतात.

ज्यांच्या घरी नाव अजून ठरायचे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट येथेच सांगतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, परंतु त्या वेळी नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत ती मुभा आहे. बारशाच्या घाईत परिचारिकेने किंवा कारकुनाने विचारले म्हणून कानाला येईल तसे नाव सांगून टाकण्यापेक्षा थोडे थांबून, देवनागरीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे ते कसे लिहायचे हे कागदावर लिहूनच द्यावे. ‘द्ध’ या जोडाक्षराने सोलापुरात जितका गोंधळ घातला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही अक्षराने घातलेला नसेल. इंग्रजीत एक ‘डी’ की दोन, त्यापुढे ‘एच’ आहे की नाही, हे वडिलांनी एकदाच ठरवावे आणि मग प्रत्येक अर्जावर तेच ठेवावे.

प्रश्न : सिद्धराम, सिद्धेश्वर, सिद्धाप्पा आणि सिद्धनाथ ही नावे एकच समजायची का? (एक वाचक, सांगोला)

उत्तर : नाही. सोलापुरात सिद्धराम आणि सिद्धेश्वर एकाच विभूतीची नावे आहेत, हे खरे. योग्याचे नाव सिद्धराम आणि तलावातल्या मंदिरात ज्यांची समाधी आहे, ते सिद्धेश्वर महाराज, असा तो सहज झालेला बदल आहे. परंतु सोलापूरच्या बाहेर सिद्धेश्वर हे शंकराचे सर्वसाधारण नाव असून त्याची देवळे महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्या गावच्या सिद्धेश्वराचा आपल्या सिद्धरामाशी संबंध असेलच असे नाही. आपल्या सांगोला, आटपाडी, माण भागात तर सिद्धनाथाची उपासना मोठी आहे. साताऱ्यातले म्हसवड आणि सांगलीतले खरसुंडी ही त्याची प्रसिद्ध ठाणी, आणि त्या भागातल्या घरातला सिदू किंवा सिदाप्पा बहुधा त्या नाथाचा असतो. तेव्हा आजोबांचे नाव नातवाला देताना घरातल्या वडीलधाऱ्यांना कुलदैवत आणि यात्रेचे ठिकाण विचारून घ्यावे. उत्तर गड्डा असे आले तर सिद्धराम ठेवावे, म्हसवड किंवा खरसुंडी आले तर सिद्धनाथ.