जुन्या कीपॅड फोनवर घुमट आरतीची रिंगटोन कशी लावावी?

वडिलांच्या जुन्या नोकिया फोनवर आपल्या वाड्यावरची घुमट आरती (घुमट या मातीच्या तालवाद्याच्या साथीने म्हटली जाणारी आरती) रिंगटोन म्हणून लावायची आहे, चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, वेळी भावाने व्हॉट्सॲपवर थेट रेकॉर्ड करून पाठवलेला आवाज ब्लूटूथने फोनमध्ये पोहोचतो, पण उघडायला गेल्यास फोन ही फाइल चालत नाही असे सांगतो, आणि नावाचा शेवट बदलून एमपीथ्री केले तरी फरक पडत नाही, असे आपण लिहिले आहे. गोव्यातील फोंडा तालुक्यातील आरती मंडळांच्या रेकॉर्डिंगवर मी हे काम बऱ्याचदा केले आहे, म्हणून थोडे सविस्तर उत्तर देतो.

फाइलचे नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही. व्हॉट्सॲपवर माइकचे बटण दाबून पाठवलेला आवाज ओपस या पद्धतीने साठवला जातो. ही पद्धत 2012 साली प्रमाणित झाली आणि आपल्या वडिलांचा फोन बहुधा त्याआधीचा असल्यामुळे त्याला ती वाचता येत नाही. मेमरी कार्ड आणि ब्लूटूथ असलेले त्या काळातील बहुतेक फोन एमपीथ्री, मिडी आणि एएमआर ओळखतात. मिडीमध्ये केवळ कोणता स्वर किती वेळ वाजवायचा एवढ्या सूचना असतात, त्यामुळे माणसाचा गळा त्यात येऊच शकत नाही. एएमआर ही पद्धत मुळात फोनवरच्या बोलण्यासाठी तयार झाली. तिच्या नेहमीच्या प्रकारात सेकंदाला 8,000 नमुने घेतले जात असल्याने 4,000 हर्ट्झच्या वरचे काहीच शिल्लक राहत नाही आणि कांसाळ्यांची (आरतीतल्या धातूच्या झांजांची) नुसती खरखर ऐकू येते. तेव्हा एमपीथ्रीच करावी.

मात्र रूपांतर हा या कामाचा सोपा भाग आहे. खरी मेहनत आहे ती फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला झेपेल असा आवाज तयार करण्यात, आणि घुमट आरतीच्या बाबतीत ती टाळून चालत नाही. घुमटाचा जो खोल, घुमणारा नाद आपल्याला प्रिय आहे, तो असा स्पीकर जवळजवळ काढूच शकत नाही. ऑडॅसिटी या विनामूल्य प्रोग्राममध्ये आपली फाइल उघडून पाहा. (ओपस उघडण्यासाठी एफएफएमपेग हा जोड-प्रोग्राम वेगळा बसवावा लागण्याची शक्यता आहे.) घुमटावर थाप पडते तिथे उंच सुळके दिसतील आणि त्यांच्या मधोमध गाणाऱ्यांचा आवाज बुटक्या पट्टीसारखा पसरलेला दिसेल. अशा स्थितीत थेट नॉर्मलाइझ केले, म्हणजे सगळा आवाज एकाच प्रमाणात कमाल पातळीपर्यंत वाढवला, तर सर्वांत उंच सुळका कमाल पातळीला टेकताच वाढ थांबते, आणि गळे होते तिथेच राहतात. फोनवर मग सुळक्यांतला खोल नाद ऐकू येत नाही आणि गळेही दबलेलेच असतात. म्हणून अगोदर हाय-पास फिल्टर (ठरावीक पट्टीखालचे खोल आवाज कापणारी सोय) 300 हर्ट्झवर लावावा, त्याने ते सुळके बरेच खाली येतात. त्यानंतर उणे 1 डेसिबलपर्यंत नॉर्मलाइझ करावे. हा क्रम उलटा करू नये. घुमटाची थाप या फोनवर टणक आणि थोडी कोरडी वाजेल, पण ताल स्पष्ट कळेल, आणि मला तेवढे पुरेसे वाटते.

वडिलांचे वय लक्षात घेता आणखी एक गोष्ट सांगतो. वयोमानाने उंच पट्टीचे आवाज प्रथम कमी ऐकू येऊ लागतात, त्यामुळे केवळ कांसाळ्यांच्या किणकिणाटावर भिस्त ठेवू नये. सगळे मिळून ध्रुवपद उचलतात तो भाग निवडावा. इक्वलायझरमध्ये 1,000 ते 3,000 हर्ट्झचा पट्टा तीन-चार डेसिबलने वर घेतला, तर सदऱ्याच्या खिशातूनही आवाज पोहोचतो. हे मात्र नॉर्मलाइझच्या आधी करावे.

लांबी 30 सेकंदांपेक्षा जास्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण दूरसंचार नियामक प्राधिकरणाने 2019 साली मोबाइलवर घंटी वाजण्याची मुदतच 30 सेकंद ठरवून दिली आहे. याहून कमी लांबीचा तुकडा फोन पुन्हा सुरुवातीपासून वाजवतो, म्हणून तो समेपासून समेपर्यंत नेमका कापावा. तसे केले नाही तर दुसऱ्या फेरीला ताल अडखळतो, आणि ज्याने आयुष्यभर आरतीला साथ दिली आहे अशा माणसाला ते नक्की खटकते. सुरुवातीला आवाज हळूहळू वाढवत नेण्याचा मोह टाळावा. पहिल्याच क्षणी गळे ऐकू यायला हवेत.

फाइल बाहेर काढताना मोनो, 44,100 हर्ट्झ आणि सेकंदाला 64 किलोबिट असा ठरावीक दर निवडावा. बदलता दर काही जुन्या फोनना पचत नाही. या हिशोबाने 30 सेकंदांची फाइल सुमारे 240 किलोबाइटची होते. हा आकार महत्त्वाचा आहे, कारण काही फोन मोठी फाइल गाणे म्हणून वाजवतात, परंतु रिंगटोन म्हणून स्वीकारत नाहीत. नाव रोमन लिपीत, छोटे आणि सलग ठेवावे, आणि मुखपृष्ठाचे चित्र जोडलेले असल्यास ते काढून टाकावे.

फाइल ब्लूटूथने पाठवणे सर्वांत सोपे. कार्ड वापरणार असाल आणि फोन ते ओळखत नसेल, तर 2 जीबी किंवा त्याहून लहान कार्ड घालून पाहा. त्या काळातील अनेक फोनना त्याहून मोठे कार्ड वाचता येत नाही. फाइल कार्डावरच न ठेवता फोनच्या स्वतःच्या मेमरीत हलवा, कारण कार्ड काढले किंवा सैल झाले की फोन कंपनीच्या मूळ रिंगटोनवर परत जातो. त्यानंतर गॅलरीत फाइलवर जाऊन पर्यायांमधून ती रिंगटोन म्हणून लावा आणि सायलेंट सोडून वडील जे जे प्रोफाइल वापरतात, त्या प्रत्येकात तीच निवडली आहे ना, हे तपासा. अनेक मॉडेलमध्ये प्रत्येक प्रोफाइलची रिंगटोन वेगळी असते. शेवटी दुसऱ्या फोनवरून रिंग देऊन, वडिलांना नेहमीच्या जागी बसवून ऐकवा, आणि शब्द कळत नसतील तर फिल्टर 400 हर्ट्झवर नेऊन पुन्हा एकदा करून पाहा.