दान केलेला टॉप शेवटी कुठे जातो?

यावेळी कपड्यांबद्दल इतके मेल आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेते. बरेचसे मेल परदेशातल्या वाचकांचे आहेत आणि सगळ्यांची तक्रार साधारण एकच, कपाटात कपडे मावत नाहीत, फेकून द्यायला मन होत नाही, आणि तरी नवीन येतच राहतात. पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिलीय, कारण बाकीचे प्रश्न त्यातूनच निघतात.

प्रश्न: ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी हायस्कूलला आहे, फोनवरून पाच-सहा डॉलरचे टॉप मागवत असते, एक-दोनदा घालते, फोटो काढते आणि मग ते तिला नको होतात. मी पिशव्या भरून आमच्या ग्रोसरी स्टोअरच्या पार्किंगमध्ये जो डोनेशन बिन आहे त्यात टाकते, वाटतं कोणा गरजूच्या अंगाला लागतील. नवरा म्हणतो ते सगळं कचऱ्यातच जातं. खरं काय आहे?

उत्तर: तुमच्या पिशवीतले काही कपडे खरंच कोणीतरी घालतं. पण तुम्ही जो गरजू डोळ्यासमोर आणताय त्याच्यापर्यंत फार थोडे पोचतात. बिनमधला माल आधी निवडला जातो, चांगला असेल तो तिथल्याच थ्रिफ्ट स्टोअरमध्ये, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानात, लागतो, आणि जो विकला जात नाही (आणि तो बराच असतो) तो वजनावर व्यापाऱ्यांना विकतात. मग त्याची प्रतवारी होते, काहींच्या मशीन पुसायच्या चिंध्या होतात, काही पिंजून गाद्यांत किंवा गाड्यांच्या सीटमध्ये भरतात, आणि बाकीच्यांच्या गाठी बांधून कंटेनर निघतात, ग्वाटेमालाला, चिलीला, केनियाला, घानाला, पाकिस्तानला, आपल्याकडेही. म्हणजे तुम्ही दिलेलं दान दोन हात पुढे गेलं की माल होतं, किलोवर विकला जाणारा माल. आणि हे फक्त बिनमध्ये पडतं त्याचं झालं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, २०१८ चा आकडा बघा, त्या एका वर्षात तिथे साधारण १ कोटी ७० लाख टन कापड कचऱ्यात निघालं आणि त्यातलं १ कोटी १३ लाख टन सरळ जमिनीत पुरलं गेलं. त्यामुळे तुमचे मिस्टरही अगदीच चुकीचं बोलत नाहीयेत.

आता ती गाठ घानाला गेली असं धरा. अक्रा शहरात कांतामांतो नावाचा बाजार आहे, जुन्या कपड्यांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. तिथे काम करणाऱ्या ऑर फाउंडेशनचा अंदाज आहे की दर आठवड्याला सुमारे दीड कोटी कपडे तिथे उतरतात, आणि घानाची अख्खी लोकसंख्या साडेतीन कोटीच्या आसपास आहे. तिथली विक्रेती बाई ती गाठ न उघडता विकत घेते, बऱ्याचदा कर्ज काढून, आत काय आहे ते पैसे दिल्यावरच कळतं. चांगले शर्ट निघाले तर दोन पैसे सुटतात, आणि काखेत डाग पडलेले, शिवण उसवलेले, एका धुण्यात पार आकार गेलेले टॉप निघाले तर कर्ज तसंच अंगावर. हल्ली असा हलका माल जास्त येतो अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. आणि ही गाठ, साधारण ५५ किलोची, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात जाते कशी तर मुलींच्या डोक्यावरून. कायायेई म्हणतात त्यांना, उत्तर घानातल्या गरीब गावांमधून आलेल्या बायका आणि पोरी, काहींच्या पाठीला बाळ बांधलेलं असतं. त्यांच्या माना आणि पाठी कायमच्या दुखावतात. जे विकलं जात नाही ते नाल्यात, नाल्यातून कोर्ले खाडीत आणि तिथून समुद्रात, मग किनाऱ्यावर वाळूत रुतलेल्या कपड्यांच्या लांबच लांब दोरखंडासारख्या गुंतवळी दिसतात आणि कोळ्यांच्या जाळ्यात त्याच येतात. जानेवारी २०२५ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली, हजारो विक्रेत्यांचं सगळं गेलं.

चिलीतही हेच, इकीके बंदरात करमुक्त माल उतरतो, दरवर्षी सुमारे ५९ हजार टन कपडे, आणि न विकलेला माल शेजारच्या आल्तो ओस्पिसिओजवळ अटाकामाच्या वाळवंटात ओतला जातो. त्यात टॅग न काढलेले कपडेसुद्धा असतात, म्हणजे ते कोणी घातलेच नाहीत. २०२२ मध्ये त्या ढिगाला आग लागली. यातले बरेच कपडे पॉलिएस्टरचे, म्हणजे प्लास्टिकच, त्यामुळे तो धूर आसपासच्या वस्तीने किती दिवस खाल्ला असेल याचा विचार करा.

तुम्ही म्हणाल मग हे देश घेतात कशाला, नको म्हणून सांगावं. तेच एका देशाने सांगून बघितलं. पूर्व आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं होतं की जुने कपडे हळूहळू बंद करायचे म्हणजे आपले कापडधंदे उभे राहतील. रवांडाने २०१६ मध्ये जुन्या कपड्यांवरचा कर किलोला २० सेंटवरून अडीच डॉलर केला. त्यावर अमेरिकेतल्या जुन्या कपड्यांच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने २०१७ मध्ये आपल्या सरकारकडे तक्रार केली की यामुळे आमच्याकडच्या नोकऱ्या जातील. केनिया, टांझानिया, युगांडा मागे हटले. रवांडा हटला नाही, तर २०१८ मध्ये अमेरिकेने रवांडाच्या कपड्यांना मिळणारी करसवलत थांबवली. मला या सगळ्या विषयात सगळ्यात जास्त त्रास याचा होतो. कोणाला दान नको असेल आणि नको म्हटल्यावर शिक्षा होत असेल तर त्याला दान कसं म्हणायचं? श्रीमंत देशाला आपलं कपाट रिकामं करायला जागा हवीय, आणि ती जागा दुसऱ्याचा देश आहे.

म्हणून तुम्हाला सरळ सांगते, बिन बंद करा असं म्हणणार नाही, पण तो बिन आहे म्हणून पुढची खरेदी सोपी होते, नको झालं तर देऊन टाकू असं मन आधीच तयार असतं, ते तुटायला हवं. द्यायचं असेल तर धुतलेलं, न फाटलेलं, आणि कोणाला काय हवंय ते विचारून द्या. तुमच्या गावातल्या बेघरांच्या शेल्टरला हिवाळ्यात कोट, मोजे लागतात, फोन करून विचारा. मुलीला भाषण देऊ नका, त्या वयात उलटंच होतं. तिच्या फोनमधून कार्डचा नंबर काढून टाका म्हणजे दर वेळी तुम्हाला विचारावं लागेल, आणि तिला जे आवडलंय ते कार्टमध्ये महिनाभर पडू द्या, महिन्यानंतरही हवं असेल तर खुशाल घेऊ द्या. कांतामांतोचे व्हिडिओ भरपूर आहेत, एक दिवस दोघी बसून बघा. मैत्रिणींमध्ये कपड्यांची अदलाबदल तर ह्या मुली हौसेने करतात, त्यांना नवीन घातल्याचा आनंदच हवा असतो बऱ्याचदा.

प्रश्न: मी लंडनला नोकरी करतो. सगळे म्हणतात कमी विकत घ्या, पण मग बांगलादेशातल्या बायकांचं काय? त्यांच्या हाताला काम आपल्या खरेदीमुळेच आहे ना? मला हा श्रीमंतांचा नैतिकपणा वाटतो, खरं सांगायचं तर.

उत्तर: प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. बांगलादेशात लाखो बायका या धंद्यामुळे पहिल्यांदा स्वतःच्या कमाईवर उभ्या राहिल्या, हे खरंच आहे. पण त्यांचं भलं आपल्या खरेदीने होतंय असं म्हणताना २४ एप्रिल २०१३ आठवा. ढाक्याजवळ साव्हारला राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत, आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले, खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद ठेवली गेली, आणि वरच्या मजल्यांवरच्या शिलाई कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी आत पाठवलं गेलं. ११३४ माणसं मेली. ऑर्डरची तारीख चुकली तर दंड, म्हणून आत पाठवलं, आणि ती तारीख आणि तो भाव ठरतो तुमच्या-माझ्यासारख्यांना स्वस्तात आणि लगेच हवं असतं त्यावर.

२०२० मध्ये कोरोना आला तेव्हा पाश्चात्य ब्रँड्सनी बांगलादेशच्या तीन अब्ज डॉलरहून जास्त ऑर्डर रद्द केल्या किंवा लटकवल्या, त्यातल्या काही तर शिवून तयार होत्या. खरेदी थांबली तेव्हा दुकानदाराने नुकसान स्वतःकडे ठेवलंच नाही, ते सरळ शिवणारीकडे गेलं. मग कामगार संघटना आणि ग्राहकांनी ओरड केल्यावर बऱ्याच कंपन्यांनी पैसे चुकते केले. २०२३ मध्ये तिथल्या कामगारांनी महिना २३ हजार टका किमान पगार मागितला, आंदोलनात माणसं गेली, मिळाले साडेबारा हजार. आणि दुकानातल्या टी-शर्टच्या किमतीत शिवणारीची मजुरी हा अगदी छोटा भाग असतो, म्हणजे ती मजुरी दुप्पट झाली तरी तुमच्या बिलात तुम्हाला फारसा फरक कळणार नाही.

तेव्हा कमी कपडे घेणं आणि शिवणारीला जास्त मिळणं यात भांडण नाहीये, भांडण आहे ते स्वस्त आणि भरमसाट यावर चालणाऱ्या धंद्याशी. राणा प्लाझानंतर २०० च्या वर ब्रँड्सनी कायद्याने बांधणारा सुरक्षा करार केला, कारखाने तपासले गेले, जिने-दारं-वायरिंग दुरुस्त झाली. ते दुकानात जाऊन विचारणाऱ्या, निदर्शनं करणाऱ्या गिऱ्हाइकांमुळे आणि कामगार संघटनांमुळे झालं. तुमच्याकडे मत आहे, खासदार आहे, तुम्ही नेहमी घेता त्या ब्रँडचा मेल आयडी आहे. त्या बायकांची काळजी खरी असेल तर ती तिथे वापरा, पाचवा शर्ट घेऊन नको.

प्रश्न: ऑनलाइन तीन साइज मागवते, एक ठेवते, दोन परत. रिटर्न फुकट असतं, मग यात वाईट काय?

उत्तर: फुकट तुम्हाला असतं. परत आलेला कपडा उघडून, तपासून, इस्त्री करून पुन्हा विकायला ठेवायचा तर माणूस लागतो, आणि स्वस्त कपड्यासाठी तो खर्च परवडत नाही, म्हणून बराच माल लॉटमध्ये मिळेल त्या भावाला विकून टाकतात किंवा नष्ट करतात. न विकलेल्या मालाचं तर बड्या कंपन्याही हेच करायच्या, बर्बेरी या महागड्या ब्रिटिश ब्रँडच्या २०१८ च्या अहवालात स्वतःच लिहिलं होतं की वर्षभरात २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केला. ओरड झाल्यावर त्यांनी ते थांबवलं. फ्रान्सने २०२० मध्ये कायदाच केला, २०२२ पासून न विकलेले कपडे जाळता किंवा पुरता येत नाहीत. तुम्ही एकदा टेपने मापं घेऊन लिहून ठेवा, साइज चार्ट बघा, एकच मागवा.

प्रश्न: 'रिसायकल्ड पॉलिएस्टर' लिहिलेलं घेतलं तर चालेल ना? थोडं महाग पण मनाला बरं वाटतं.

उत्तर: ते पॉलिएस्टर जवळजवळ सगळं पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांपासून होतं, जुन्या कपड्यांपासून नाही. बाटलीची पुन्हा बाटली होऊ शकते, पण तिचा टी-शर्ट झाला की त्याचा पुढे परत टी-शर्ट होणं फार अवघड, कारण कापडात सुती, पॉलिएस्टर, ताणणारा धागा असं सगळं एकत्र विणलेलं असतं आणि ते सहजासहजी वेगळं काढता येत नाही. जगभरात जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी आहे. शिवाय धुताना त्यातून बारीक प्लास्टिकचे तंतू निघतात ते निघतातच, रिसायकल्ड असो नाहीतर नवं. लेबल बघून खरेदी वाढणार असेल तर न घेतलेलं बरं. दुरुस्तीवर पैसे घाला, फ्रान्समध्ये तर २०२३ पासून कपडे-बूट दुरुस्त केले की बिलात ६ ते २५ युरोपर्यंत सूट मिळते. कॅलिफोर्नियातल्या वाचकांनी आपल्या राज्याचा २०२४ चा कायदा जरूर बघावा, कपडे बनवणाऱ्या-विकणाऱ्या कंपन्यांवर जुन्या कपड्यांची जबाबदारी टाकणारा अमेरिकेतला तो पहिलाच.

प्रश्न: आम्ही ठाण्यात राहतो. मुलगा-सून अमेरिकेतून येताना बॅगा भरभरून वापरलेले कपडे आणतात, इथे वाटायला. कामवाल्या मावशी पण आता नको म्हणतात आणि बोहारीण तर हात लावत नाही. काय करू?

उत्तर: मावशींना नको म्हणायचा पूर्ण हक्क आहे हो, त्यांचं वाईट वाटून घेऊ नका. बोहारणीचं गणित वेगळं, तिला पुढे विकता येईल तेच ती घेणार, आणि हे पातळ ताणले जाणारे टॉप ना पुढे कोणी घेत, ना त्यांची फरशी पुसायला चिंधी होत, पाणीच शोषत नाहीत ते.

परदेशातले जुने लोकरीचे कोट-स्वेटर हरियाणात पानिपतला वर्षानुवर्षं येतात. वापरता येण्यासारखे जुने कपडे आयात करायला आपल्याकडे लायसन्स लागतं, म्हणून तिकडे जाणारा माल आधीच फाडून-कापून आणलेला असतो. तिथे बायका बटणं, चेन, लेबलं काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, मग ते पिंजून त्याचा धागा आणि त्या धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटी, ज्या पूर-भूकंपाच्या वेळी मदत म्हणून वाटल्या जातात. काम हलकं नाही, दिवसभर ती धूळ छातीत जाते. पण तिथेही मागणी लोकरीला, आणि आता नव्या पॉलिएस्टरच्या ब्लँकेटी इतक्या स्वस्त आल्यात की त्या धंद्यालाच उतरती कळा लागलीय.

मुलाला फोनवर सांगा की आणू नकोस, इथल्या मॉलमध्येही सेल लागलेत आणि आपलीही कपाटं तशीच भरलीत. जे आलंय त्यातले जाड जॅकेट असतील तर थंडीच्या आधी आदिवासी आश्रमशाळेत किंवा साखर कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला विचारा, नोव्हेंबरात तिथे पहाटेची थंडी कडक असते आणि लहान मुलांचे स्वेटर हवेच असतात. मापं आणि संख्या त्यांच्याकडून घ्या आणि तेवढंच पाठवा. उरलेलं सुनेच्या बॅगेत परत द्यायला लाजू नका.