पार्लरचं नंतर पाहू, आधी सोमवारची सही थांबव

खानापूरच्या एका वाचक मुलीचं पत्र आलंय. थोडं आटोपशीर करून देते:

«मॅडम, माझं वय २६. बेळगावात एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे, हातात २६ हजार येतात. वैशाखात लग्न आहे, सासर गडहिंग्लज. पार्लरवाल्यांनी ब्रायडल पॅकेज ७० हजारांचं सांगितलंय. त्यात सहा सिटिंग, चेहरा दोन शेड उजळवायची ट्रीटमेंट आणि हळद, लग्न, रिसेप्शन असे तिन्ही मेकअप. आत्ता पूर्ण भरले तर ६३ हजारांत देतो म्हणतात. भरू का? खर्चाची यादी सोबत पाठवते, एकूण साडेनऊ लाख होतात. बाबांकडे साडेतीन आहेत. बाकीसाठी सोमवारी ६ लाखांचं कर्ज काढतोय. बाबांना पगारपावती नाही म्हणून माझ्या नावावर. ११ टक्के फ्लॅट, ५ वर्षं, हप्ता १५,५००. लग्नानंतर मी नोकरी सोडणार, पण हप्ते बाबा भरतील. शिवाय दोन वर्षांपूर्वी बँकेत एक पॉलिसी घेतली होती, वर्षाला ४० हजार. तीन वर्षांत २ लाख होतील असं सांगितलं होतं, त्यातून संसाराचं सामान घेईन. फेब्रुवारीच्या हप्त्याचे ४० हजार बाजूला ठेवलेत. होणाऱ्या नवऱ्याला कर्जाचं अजून सांगितलेलं नाही.»

वयाने माझ्या मुलीएवढी आहेस म्हणून तुला 'तू' म्हणते. पार्लरच्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. का ते पुढे सांगते. पण तुझ्या पत्रातलं मला घाबरवणारं वाक्य पार्लरचं नाही. कर्ज तुझ्या नावावर आणि पगार वैशाखात बंद, ही दोन वाक्यं तू एका दमात लिहून गेलीस आणि मधे थांबलीसुद्धा नाहीस.

आधी त्या ११ टक्क्यांचं बघू. फ्लॅट म्हणजे पाचही वर्षं पूर्ण ६ लाखांवर व्याज. वर्षाला ६६ हजार, पाच वर्षांचे ३ लाख ३० हजार. म्हणजे ६ चे ९ लाख ३० हजार फेडायचे. पण तू दर महिन्याला मुद्दलही फेडत असतेस. तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस साधारण अर्धं कर्ज फिटलेलं असतं, तरी व्याज चालूच राहतं पहिल्या दिवसाच्या रकमेवर. खरा हिशेब केला तर हा दर १९ टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय मंजुरीच्या कागदाचा जो फोटो तू पाठवलास, त्यात १२ हजार प्रक्रिया शुल्क आणि २४ हजारांची विमा पॉलिसी कर्जातूनच कापायची आहे. हातात येणार ५ लाख ६४ हजार, हप्ता मात्र ६ लाखांचा. आता दर जवळपास २२ टक्के झाला. तुला तोंडी सांगितलेल्या दराच्या जवळजवळ दुप्पट.

कर्जासोबत विमा घ्यायलाच हवा अशी सक्ती कुणालाही करता येत नाही. "त्याशिवाय फाइल पुढे जात नाही" असं म्हणाले तर तेवढं लेखी मागायचं. लेखी कुणी देत नाही.

आणि एक कागद तुझ्या हक्काचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने अशा प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावं लागतं, बँक असो की फायनान्स कंपनी. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक दर किती पडतो तो आकडा लिहिलेला असतो. कागद हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस मिळतात आणि तो कर्जदाराला कळणाऱ्या भाषेत असावा लागतो. आपल्याकडे समोर येतो तो इंग्रजी नाहीतर कन्नड. कन्नड तू वाचत असशील, तरी कर्जाचा कागद मराठीत माग. संकोच करू नकोस, नियमच तसा आहे.

आता "हप्ते बाबा भरतील". बाबांच्या शब्दावर मला काडीची शंका नाही. शंका आहे ती तारखेवर. तुमचा ऊस आहे असं लिहिलंयस. उसाचं बिल वर्षातून एक-दोनदा येतं, हप्ता दर महिन्याला ठरलेल्या तारखेला कापला जातो, तोही तुझ्या खात्यातून. वर्षाचे १ लाख ८६ हजार. तुझ्या धाकट्या भावाचं शिक्षण चालू आहे. एखाद्या वर्षी पाऊस ओढ देईल, एखाद्या वर्षी तोड उशिरा मिळेल. तेव्हा बाबा वाईट होणार नाहीत, फक्त त्यांच्याकडे पैसे नसतील. कर्ज देणाऱ्याच्या दृष्टीने मात्र बाबा कुणीच नाहीत, कागदावर कर्जदार तू. फोन तुला येणार, गडहिंग्लजला, नव्या घरात, सासूबाईंच्या समोर. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं आणि तो डाग तुझ्या क्रेडिट स्कोअरवर बसतो. चार वर्षांनी तुम्ही दोघं मिळून घरासाठी कर्ज मागायला जाल तेव्हा बँक आधी हेच विचारेल.

माझ्याकडे अशा मुली येऊन बसल्या आहेत. माहेरी मागायचं कसं, सासरी सांगायचं कसं, या दोन्हींत अडकलेल्या, आणि मंगळसूत्र गहाण टाकून हप्ता भरलेल्या. सगळ्या तुझ्यासारख्याच समंजस होत्या. बापाची ओढाताण बघवत नाही म्हणूनच त्यांनी सही केली होती.

होणाऱ्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही, हे माझ्या मते व्याजदराहून जड आहे. सुपारी फुटली, केळवणं सुरू होतील, आणि पाच वर्षांचं देणं घेऊन तू उंबरठा ओलांडणार ते त्याला माहीत नाही. तो पतसंस्थेत काम करतो म्हणतेस. म्हणजे हप्ता, थकबाकी, जामीनदार हे शब्द त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतात. सांग त्याला.

आता पॉलिसी. तीन वर्षांत ४०-४० हजार भरून २ लाख व्हायचे तर दरसाल २८ टक्के परतावा हवा. तुझी पॉलिसी युलिप आहे, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र. शुल्क कापून घेणारी युलिप तो देत नाही, आणि देईल असं सांगून विकणं ही शुद्ध फसवणूक आहे. बँकेच्या टेबलावर, ओळखीच्या साहेबांच्या तोंडून ऐकलं म्हणून ती फसवणूक कमी होत नाही. मला याचा फार राग येतो, कारण मुदत ठेव करायला गेलेल्या मुलींनाच ही विकली जाते. युलिपमधून ५ वर्षांच्या आत पैसे निघत नाहीत, त्यामुळे वैशाखात या पॉलिसीतून तुला एक रुपयाही मिळणार नाही. संसाराच्या सामानाचा हिशेब त्यातून वगळ.

फेब्रुवारीचा हप्ता भरू नकोस. भरणं थांबलं की नियमाने मर्यादित अशी थोडी कपात होते, उरलेली रक्कम वेगळ्या फंडात जाते, थोडंफार व्याज मिळतं आणि ५ वर्षं पुरी झाल्यावर ती तुला परत मिळते. विमा संरक्षण बंद होईल, पण आज तुझ्या कमाईवर कुणी अवलंबून नाही. 'तीन वर्षांत २ लाख' असं व्हॉट्सअॅपवर लिहून दिलं असेल तर तो मेसेज जपून ठेव. आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार कर. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही.

कर्ज नाही तर लग्न कसं, हे तू विचारणारच. तुझी यादी मी दोनदा वाचली. सोनं ३ लाख, ८०० पानांचं जेवण २ लाख ४० हजार, फोटो-व्हिडिओ आणि आंबोलीला प्री-वेडिंग १ लाख २० हजार, कार्यालय-सजावट ८० हजार, बस्ता ७०, मानपानाचे कपडे ७०, पार्लर ७०.

सोन्यात सगळ्यात जास्त वाव आहे. घडणावळ १५ टक्के आणि वर ३ टक्के जीएसटी धरला तर ३ लाखांत प्रत्यक्ष सोनं येतं अडीच लाखांचं. बाकी ४७ हजार घडणावळीत आणि करात जातात आणि दागिना विकताना ते परत येत नाहीत. आजीच्या पाटल्या मोडून नव्या घडवायचं चाललंय, तिथे घट आणि घडणावळ दोन्ही जाणार. पाटल्या तशाच घाल. नवीन फक्त १ लाखाचं घे, मंगळसूत्र आणि एखादी छोटी वस्तू, बीआयएसचा हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) बघून. २ लाख वाचले.

८०० पानांची ४५० कर, ३०० रुपये पानाने लाखभर वाचतात. मानपान साठ जणांऐवजी पंधरा जणांचं ठेव, ५० हजार. प्री-वेडिंग आणि ड्रोन काढून दोन दिवसांचे चांगले फोटो ४५ हजारांत होतात, म्हणजे आणखी ७५ वाचले. बस्त्याला मी हात लावत नाही. शहापूर-वडगावात मागावरची साडी अजूनही मिळते, एक शालू मनासारखा घे.

हे झाले सव्वाचार लाख. पार्लरमधून वाचणारे ५० हजार धरले (कसे ते पुढे) की पावणेपाचच्या थोडं वर. यादी येते ४ लाख ७० हजारांवर, हातात साडेतीन आहेत. राहिले १ लाख २०. हप्ता भरायची तुझी तयारी होती ना, मग तेच १५ हजार जानेवारीपासून चार पगारांतून बाजूला टाक, ६० हजार. पॉलिसीचे वाचलेले ४०. उरलेल्या वीस हजारांसाठी कार्यालय-सजावटीचा पाव खर्च मुलाकडच्यांनी उचलावा. गडहिंग्लज-चंदगडकडच्या कितीतरी घरांत आता हे बोलून ठरतं, पण बोलावं लागतं. माझ्या माहितीत असं विचारल्यामुळे मोडलेलं लग्न नाही.

बाबांना एकच सांग: पीक कर्ज लग्नाकडे वळवू नका. ते थकलं तर व्याजाची सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाला दारात कुणी उभं करत नाही.

आता पार्लर. ६३ हजार आगाऊ भरणं म्हणजे तू त्यांना चार महिन्यांचं बिनव्याजी, बिनतारण कर्ज देणं. दुकान बंद झालं, चांगली मुलगी नोकरी सोडून गेली, तारीख बदलली, तर तुझ्या हातात फक्त पावती. आगाऊ पाव रकमेपेक्षा जास्त देऊ नये, बाकी लग्नाच्या दिवशी. मेकअप नेमकं कोण करणार, किती वाजता येणार, खानापूरला येण्याचा खर्च कुणाचा, हे लिहून घे.

'दोन शेड उजळ' हे ऐकून मला वाईट वाटतं. कातडीचा रंग सहा सिटिंगने बदलत नाही, आणि तो बदलायची गरजही नाही. उन्हाने काळवंडलेलं थोडं उतरतं, त्याला एसपीएफ ३० चं सनस्क्रीन पुरतं. तू रोज खानापूर-बेळगाव करतेस, तर आजपासून लाव. डबीवर नाव नसलेलं 'ग्लो क्रीम' कुणी दिलं तर तोंडाला लावू नकोस. अशा क्रीममध्ये अनेकदा स्टेरॉइड असतं. महिनाभर चेहरा चकचकीत दिसतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येतं, आणि बंद केलं की आग होते. पिंपल्स असतील तर त्वचारोगतज्ज्ञाची फी ट्रीटमेंटच्या एका सिटिंगहून कमी पडेल, पण आत्ता जा, लग्नाच्या तोंडावर नको.

शेवटच्या महिन्यात चेहऱ्यावर नवीन काही नाही. फेशियल आठवडाभर आधी, थ्रेडिंग-वॅक्सिंग दोन-तीन दिवस आधी. मेंदी दोन दिवस आधी, तिचा रंग चढायला दिवस-दीड दिवस लागतो. लगेच काळी होणारी मेंदी नको, त्यात केसांच्या डायचं रसायन असतं आणि हातावर फोड येऊ शकतात. मेकअपचं सामान ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघ. ट्रायल उजेडात घे, शालूचा पदर खांद्यावर टाकून. वैशाखातला घाम आणि वळवाचा पाऊस दोन्ही धरून मेकअप हलका आणि वॉटरप्रूफ सांग. लग्नाचा मेकअप, मेंदी आणि संध्याकाळचं टचअप एवढं २० हजारांत व्हावं. हळदीला मेकअप कशाला, हळदच लागणार आहे.

नोकरी सोडलीस तरी पीएफ काढू नकोस. गडहिंग्लजलाही लॅब आहेत, अर्ज लग्नाआधीच टाकून ठेव.

सोमवारी सहीला जाऊ नकोस. फोन करून एवढंच सांग की की फॅक्ट स्टेटमेंट मराठीत पाठवा, वाचून कळवते. रविवारी बाबांशी आणि होणाऱ्या नवऱ्याशी बोल. बाबांना आधी सांग, म्हणजे त्यांना ते तिसऱ्याकडून कळायचं नाही.

पाटल्यांचा फोटो बघितला. वळण उत्तम आहे, फक्त काळवंडल्यात. पॉलिशला देताना समोर वजन करून घे आणि ग्रॅममध्ये पावतीवर लिहून घे. परत घेताना पुन्हा तोल.