गुढीपाडव्याला डोंबिवलीच्या गणेश मंदिरात अमराठी कुटुंब गेलं तर चालतं का?

चालतं का काय, या की! तुम्ही लिहिलंय की हैदराबादहून नुकतेच डोंबिवलीत आलात, ओळखीचं कुणी नाही, मुलं लहान आहेत आणि स्वागतयात्रेला जावंसं वाटतंय. त्या दिवशी देवळाजवळच्या फडके रोडवर कुणी कुणाला आडनाव विचारत बसत नाही. आणि तुमची उगादी, म्हणजे तेलुगू नववर्ष, तरी कधी असते? चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच ना! पंचांग ऐकलंत तर संवत्सराचं, म्हणजे नव्या वर्षाचं, नावही ओळखीचंच निघेल. 2025 साली इथे शके 1947, विश्वावसु, तुमच्याकडेही विश्वावसुच.

पाडव्याच्या या यात्रांची सुरुवात डोंबिवलीतून झाली, 1999 साली, गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने. ठाणे, गिरगाव वगैरे नंतर. (हे ठाणेकरांसमोर जरा जपून बोला.) देऊळ त्याहून खूप जुनं, 1924 सालचं.

माझा एकच सल्ला: दर्शन आणि यात्रा एका दमात करायला जाऊ नका. पालखी निघाली, ढोल-ताशे सुरू झाले की रस्त्यात पाय ठेवायला जागा उरत नाही. मुलं घेऊन आलात तर उजाडताच दर्शन उरका आणि मग रस्त्याच्या कडेला सावली बघून उभे राहा. लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायका, सगळं तिथूनच दिसतं. तान्हं बाळ असेल तर ताशापासून लांबच बरं. तो आवाज मोठ्यांच्याही छातीत बसतो. गाडी तर आणूच नका, स्टेशनच्या पूर्वेला उतरलं की देऊळ चालत जवळ आहे. चपला साध्या घाला, पटकन काढता येतील अशा. दुपारच्या आत घरी परता, उन्हाचा तडाखा असतो.

प्रसाद म्हणून कडुनिंबाची चटणी हातावर मिळाली तर ती तुमच्या उगादीच्या आंबट-गोड पचडीसारखी असेल असं समजू नका. त्यात सहसा कैरी नसते, चिंचेचं पाणीही नसतं. कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, मीठ, जिरं असं वाटलेलं असतं. आधी गुळामुळे वाटतं की जमलं बुवा, आणि मग जिभेच्या मागून कडवटपणा वर येतो. मुलांना कणभरच द्या, पण द्या. वर साखरेच्या गाठीचा तुकडा हातात ठेवलात की रडारड होत नाही.

कपड्यांचं विचारलंत. नऊवारी-फेटा हवाच असं काही नाही, तुमच्या कांजीवरमला उलट कौतुकाने बघतील. देणगीची सक्ती नाही, पेटी असते, वाटलं तर टाका. यात्रेचा मार्ग आणि वेळ मात्र त्या वर्षीची बघूनच निघा.