गावात दोन-दोन दिवस लाइन नसते. फोल्डिंगचं सोलर पॅनल घेऊ का, आणि किती वॅटचं?

तुम्ही लिहिलंय की गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडे आहे, रोहिणी-मृगाचं वादळ आलं की तारा तुटतात, डीपी (गावचा ट्रान्सफॉर्मर) गेली तर दोन दिवस अंधार, आणि घरात दोन दिवे, एक पंखा, तीन मोबाइल चालले तरी भागतं. म्हणजे तुमच्याकडे लाइन जाते तीच मुळी आभाळ भरून आल्यावर. पॅनल विकणारा मात्र हिशेब सांगतो एप्रिलच्या उन्हाचा. तालुक्याच्या गावी माझं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान आहे, त्यामुळे हे गिऱ्हाइकांना सारखं सांगावं लागतं.

आधी गरज मोजा. 9 वॅटचे दोन एलईडी पाच तास लावले की 90 वॅट-तास. 12 व्होल्टचा डीसी टेबलफॅन साधारण 20 वॅट खातो, रात्रीचे आठ तास धरले तर 160. तीन मोबाइलचे मिळून 50-60. झाले 300 च्या घरात. छताचा जुना पंखा एकटाच 70-75 वॅट ओढतो आणि त्याला वरून इन्व्हर्टर लागतो, तेव्हा त्याला या हिशेबात घेऊच नका.

आता पॅनल. समजा 100 वॅटचं घेतलं, तर त्यावर लिहिलेले 100 वॅट हे 25 अंश तापमानाला, कडक प्रकाशात, प्रयोगशाळेत मोजलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर असला की पॅनल 65-70 अंशांपर्यंत तापतं, आणि 25 च्या वरच्या दर अंशाला साधारण 0.35 ते 0.4 टक्के वीज घटते. म्हणजे 15 टक्के तिथंच गेले. त्याचं फार वाईट वाटून घेऊ नका, उन्हाळ्यात ऊन भरपूर असतं. टिनावर ठेवताना खाली चार-सहा इंच वारा खेळेल एवढी जागा सोडली की पुरे. स्वच्छ उन्हाच्या दिवशी 100 वॅटचं पॅनल 350 वॅट-तासांच्या आसपास देतं. पण झड लागली की तेच पॅनल दिवसभरात 60-70 वर येतं, कधी त्याहून खाली. खरी परीक्षा तेव्हाच असते.

म्हणून माझं मत: 100-100 वॅटची, काचेची, ॲल्युमिनियम फ्रेमची दोन मोनो (एकसंध स्फटिकाच्या सेलची) पॅनलं घ्या आणि 12.8 व्होल्ट 30 एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम फेरो फॉस्फेट बॅटरी. त्या बॅटरीत 384 वॅट-तास मावतात, त्यातले 300 बिनघोर वापरता येतात. झडीतही दोन पॅनलं मिळून दिवे आणि मोबाइल सांभाळतील, पंखा शिलकीवर चालेल. एक मोठं घेण्यापेक्षा दोन अशासाठी की एकेक 6-8 किलोचं असतं, वादळाची चिन्हं दिसली की एकटा माणूस उतरवून आत घेतो. जागलीला जाताना त्यातलं एक वावरात नेता येतं, फवारणी पंपाची बॅटरी त्यावर चार्ज होते (मधे कंट्रोलर, म्हणजे बॅटरीत जाणारी वीज आवरणारा डबा, मात्र हवाच).

फोल्डिंगचं पॅनल वाईट नसतं, पण ते फिरत्या माणसाचं. वॅटमागे ते काचेच्या पॅनलच्या दुपटीहून महाग पडतं, आणि रोज अंगणात पसरायचं, संध्याकाळी गुंडाळायचं, वाऱ्याला विटा ठेवायच्या, हे चार दिवस होतं. वर आपल्याकडे वानरं. दुकानात एक असं पॅनल आलं होतं: पट्टा धरून ओढल्यामुळे शिवण उसवलेली, दोन घड्यांमधली तार तुटलेली. त्याला जोडकाम करून देता येतं, पण पाणी शिरायचं ते शिरतंच. तरी घ्यायचंच असेल तर पॅनलच्या मागच्या खिशात मोबाइल ठेवून चार्ज करू नका. तो खिसा म्हणजे उन्हाळ्यात तवा. लांब वायर घेऊन मोबाइल सावलीत ठेवा.

ऑनलाइन दिसणाऱ्या "200 वॅट"च्या पिशव्यांबद्दल एक सोपी परीक्षा सांगतो. आजचं चांगलं पॅनल चौरस फुटाला साधारण 18-20 वॅट देतं. त्यामुळे 100 वॅटला पाचेक चौरस फूट लागणारच. वहीएवढ्या पॅनलवर 100 लिहिलेलं असेल तर पुढे वाचूच नका. दुकानात घेत असाल तर दुपारी बारा-एकला जा, पॅनल उन्हात ठेवायला लावा आणि मल्टीमीटरनं मोकळे (पॅनलला काहीही न जोडता येणारे) व्होल्ट बघा. 100 वॅटच्या 12 व्होल्टी पॅनलला 21-22 च्या आसपास मिळतात. पण फसवं पॅनलही व्होल्ट बरोबर दाखवतं, तेव्हा शॉर्ट करून अँपिअरही मोजायला सांगा. कडक उन्हात साडेपाच-सहाच्या जवळ हवेत. दुकानदार कां-कूं करायला लागला तर पुढचं दुकान बघा.

आणि हो, शेजाऱ्याच्या गच्चीवर पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं सोलर आहे म्हणता, तरी त्याच्याकडेही अंधारच असतो, तो का? ते पॅनल ग्रिडला जोडलेलं असतं. लाइन गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला उलटा करंट लागेल. 3 किलोवॅटला 78,000 रुपयांची सबसिडी मिळते, बिल उतरतं, सगळं खरं. पण बॅटरीशिवाय तो बॅकअप नाही.

कंट्रोलर 20 अँपिअरचा, लिथियमची सेटिंग असलेला घ्या. एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा प्रकार) घेतलात तर हातात तोलून बघा. खऱ्याच्या आत कॉइल असते, त्याला वजन असतं. नुसतं नाव छापलेले हलके डबे बाजारात भरपूर आहेत. पॅनलचं तोंड दक्षिणेला, उतार 20 अंशांच्या आसपास, आणि कडुनिंबाची एक फांदीसुद्धा सावली टाकणार नाही अशी जागा, कारण एका सेलवर सावली आली तरी बरीच वीज पडते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत काचेवर धुळीचा थर बसतो. तो सकाळी ओल्या फडक्यानं पुसा, भर दुपारी तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

जोडताना कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल. काढताना आधी पॅनल. आणि बॅटरीच्या प्लसला लागूनच 30 अँपिअरचा फ्यूज टाका.