जमीन वाढत गेली आणि भांडणही

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याच्या शेजाऱ्याचं म्हणणं, तिथलं यादवी युद्ध गुलामगिरीवरून नाही, तर राज्यांच्या हक्कांवरून झालं. हे खरं का? शिवाय, जमीन कमी पडली की भाऊबंदकी होते हे आम्ही रोज बघतो. अमेरिकेची जमीन तर वाढतच होती, मग युद्ध कसं पेटलं?
– एक वाचक, यवतमाळ

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेते, कारण पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

अमेरिकेत नवा मुलूख हाती आला की दर वेळी एकच वाद उभा राहायचा : इथे गुलाम ठेवता येतील की नाही? सिनेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहात, प्रत्येक राज्याचे दोन सदस्य, मग राज्य लहान असो की मोठं. १८१९ मध्ये गुलामगिरी असलेली ११ राज्यं होती आणि नसलेली ११. मिसुरीने गुलामगिरीसह राज्याचा दर्जा मागितला आणि हा तोल ढळायची वेळ आली. १८२० मध्ये तडजोड झाली. मिसुरी गुलामांसह आत, मेन गुलामांशिवाय आत, आणि फ्रान्सकडून घेतलेल्या उरलेल्या मुलुखात ३६ अंश ३० मिनिटांच्या अक्षांशाच्या रेषेच्या उत्तरेला गुलामगिरी बंद. बांध घातला, असंच म्हणा ना.

पण दक्षिणेला, म्हणजे गुलामगिरी असलेल्या राज्यांना, नवी जमीन हवी कशाला होती? कापूस जमिनीचा कस कसा ओढून घेतो, हे यवतमाळच्या माणसाला मी काय सांगणार! दुसरं कारण याहून भयंकर आहे. व्हर्जिनियासारख्या जुन्या राज्यांतले मालक नव्या कापूसपट्ट्यात माणसं विकून पैसा करत होते. नवी जमीन म्हणजे त्यांना नवं गिऱ्हाईक. आईपासून पोर तोडून शेकडो मैल दूर विकलं जायचं. १८६० च्या जनगणनेत गुलामांची संख्या ३९ लाखांच्या वर होती.

१८४८ मध्ये मेक्सिकोचा पराभव झाला आणि कॅलिफोर्नियापर्यंतचा अफाट प्रदेश अमेरिकेला मिळाला. तिथे ती जुनी रेषा लागू नव्हती, त्यामुळे भांडण पुन्हा पहिल्यापासून. पुढे १८५४ मध्ये सिनेटचे सदस्य स्टीफन डग्लस यांनी कॅन्सस-नेब्रास्का कायदा आणला : रेषा रद्द, कॅन्सस आणि नेब्रास्का या नव्या मुलुखांतले रहिवासीच गुलामगिरीचं मतदान करून ठरवतील. ऐकायला किती न्यायाचं वाटतं! मार्च १८५५ मध्ये कॅन्ससमध्ये मतदान झालं. मतदार होते सुमारे २,९००, मतं पडली ६,३०० च्या वर. शेजारच्या मिसुरीतून गुलामगिरीच्या बाजूचे लोक हत्यारं घेऊन आले आणि मतं टाकून घरी गेले. पुढच्या वर्षी तिथे गावं लुटली गेली, रात्री घरातून ओढून माणसं मारली गेली. यादवी युद्ध कागदोपत्री १८६१ चं, पण कॅन्ससमध्ये ते तेव्हाच सुरू झालं होतं, असं मला वाटतं.

आता राज्यांचे हक्क. १८५० चा पळून आलेल्या गुलामांबद्दलचा कायदा बघा. तो दक्षिणेने मागून घेतला होता आणि तो होता केंद्राचा. उत्तरेतल्या राज्याची इच्छा असो वा नसो, पकडलेला माणूस परत पाठवायचाच. निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याला माणूस मालकाच्या ताब्यात दिला तर १० डॉलर मिळत, सोडून दिला तर ५. उत्तरेतल्या काही राज्यांनी याला आडकाठी करणारे कायदे केले, तेव्हा राज्यांच्या त्या हक्काची दक्षिणेला चीड आली. डिसेंबर १८६० मध्ये साउथ कॅरोलिना फुटून निघालं, तेव्हा आपल्या जाहीरनाम्यात त्याने हीच तक्रार मांडली. तुमच्या मुलाला म्हणावं, शेजाऱ्याबरोबर बसून तो जाहीरनामा वाच.

मी तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण हे सगळं अंगावर आलं ते मुलीकडे गेले असताना, सेंट लुईसच्या जुन्या कोर्टापाशी. पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर नदीकाठी पोलादाची प्रचंड कमान दिसते. पश्चिमेकडे पसरत गेलेल्या अमेरिकेचं ते स्मारक. आणि पाठीशी ते कोर्ट, जिथे १८४६ मध्ये ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या गुलाम नवरा-बायकोने स्वातंत्र्यासाठी दावे लावले. ड्रेडचा मालक लष्करातला डॉक्टर. त्याने ड्रेडला गुलामगिरीला बंदी असलेल्या मुलुखात नेऊन वर्षानुवर्षं ठेवलं होतं. हॅरिएटशी त्याचं लग्नही तिथेच झालं. १८५० मध्ये ज्युरीने त्यांना स्वतंत्र ठरवलं. १८५२ मध्ये राज्याच्या वरच्या कोर्टाने तो निकाल फिरवला. आणि १८५७ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही आणि कुठल्याही नव्या मुलुखात गुलामगिरी रोखायचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, नाही. म्हणजे १८२० चा तो बांध मुळातच बेकायदा! तडजोडीला जागाच उरली नाही. या पायऱ्यांवर माणसांचे लिलावही होत, हे मुलीने सांगितलं तेव्हा मला तिथे उभं राहवेना. मी खाली उतरले.

प्रश्न : लिंकन यांनी निवडणुकीत गुलामगिरी बंद करण्याचं वचन दिलं होतं का?
– वाचक, सांगली

उत्तर : नाही. जिथे गुलामगिरी आहे तिथे हात लावणार नाही, पण नव्या मुलुखात तिला पाऊल टाकू देणार नाही, एवढंच त्यांच्या पक्षाचं म्हणणं. पण दक्षिणेच्या दृष्टीने तेवढंही पुष्कळ होतं. १८६० पर्यंत १८ राज्यं गुलामगिरी नसलेली आणि १५ असलेली, असा हिशेब झाला होता. नवी राज्यं मिळणार नसतील तर सिनेटमधला तोल परत येणार नव्हता. ४ मार्च १८६१ ला लिंकन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली, त्याआधीच ७ राज्यं बाहेर पडली होती. १२ एप्रिलला पहाटे साउथ कॅरोलिनातल्या फोर्ट सम्टर या केंद्राच्या ताब्यातल्या किल्ल्यावर दक्षिणेने तोफा डागल्या आणि युद्ध पेटलं.